हद्दीच्या दगडाबाहेर

फाल्कनलो घराण्यातला हार्टुंग जेवायचा तो उभ्यानेच. एका हातात काळ्या पावाचा तुकडा, दुसऱ्यात बिअरचा पेला आणि डोळे खिडकीबाहेर. बायको होती तोवर म्हणायची, "अहो, घटकाभर बूड टेका की! ताटातलं कोणी पळवून नेत नाही." ती तापाने गेली, मूलबाळ नव्हतं, मग तेवढं म्हणणारंही कोणी राहिलं नाही. तो खिडकीशी उभा राहून चावायचा आणि शेवटचा घास गिळायच्या आधीच जिना उतरायला लागायचा.

लोक त्याला सरदार म्हणत, पण क्रेनफेल्सची गढी काही त्याची एकट्याची नव्हती. पणजोबांनी बांधलेली, आणि भाऊबंदांत वाटत वाटत हार्टुंगच्या वाट्याला आली ती पूर्वेच्या बुरुजातल्या दोन खोल्या, अर्धा तबेला, विहिरीवरची पाळी आणि एक चूल, जिचा धूर निम्मा आतच राहायचा. एवढ्या इस्टेटीवर माणसाने किती भांडावं? हा भांडला ते आख्ख्या खोऱ्याशी. मठाशी मासेमारीच्या बांधावरून, लोफ्टाल गावाशी तिथल्या वेशीवर पहारेकऱ्याने 'बूट पुसून आत या' म्हटलं म्हणून, आणि चुलतमामाशी कशावरून ते दोघांनाही शेवटी आठवेना.

भांडण म्हणजे नुसती शिवीगाळ नव्हे हं. आमच्याकडे त्याची रीत होती. ज्याच्याशी वैर धरायचं त्याच्या दाराला आधी वैरपत्र बांधायचं, मग तीन दिवस थांबायचं, आणि मग त्याची गुरं हाका, गवताच्या गंजी पेटवा, गिरणी जाळा, सगळं कायद्यात बसायचं. पत्र न देता केलंत तर मात्र ती दरोडेखोरी, आणि तिला दोर. गढीचे म्हातारे पाद्री गुंपर्ट हार्टुंगची वैरपत्रं लिहून द्यायचे. लिहिताना पुटपुटायचे, "नाव तेवढं सांग बाबा, बाकी मजकूर मला पाठ आहे."

राउनेकच्या विल्वोल्टशी वैर जडलं ते डुकरांवरून. बीच नावाच्या झाडांच्या जंगलात पानगळीच्या दिवसांत डुकरं चारायला सोडतात. ते जंगल आपलं, असं हार्टुंग म्हणायचा आणि विल्वोल्टही म्हणायचा. एका वर्षी विल्वोल्टच्या माणसांनी हार्टुंगची डुकरं हुसकून लावली. पत्र गेलं, दिवस भरले, आणि हार्टुंग विल्वोल्टची गिरणी जाळायला निघाला.

निघताना त्याने धाकट्या भावाला उठवलं. लुट्झ त्याचं नाव. नुकतं लग्न झालेलं, अंथरुणात ऊब होती, आणि मुळात त्याला या धंद्यात रस नव्हता. "दादा, डुकरं तर परत आलीत ना," तो डोळे चोळत म्हणाला.

"आली म्हणून काय झालं? चल, ऊठ. बायकोच्या पदराखाली मरणार आहेस का?"

लुट्झ उठला. गिरणीच्या ओढ्यापाशी पोचतात न पोचतात तोच गिरणीच्या माळ्यावरून विल्वोल्टच्या धनुष्याचा बाण आला आणि लुट्झच्या जबड्याखाली रुतला. गवताची पेंढी पडावी तसा तो पडला. पापाची कबुली नाही, पाद्री नाही, मरणाऱ्याच्या कपाळाला लावतात ते अखेरचं तेल नाही, तोंडातून धड शब्दही नाही. हार्टुंगने त्याला घोड्यावर आडवा टाकून आणला आणि त्याची बायको ओसाना हिच्यापुढे अंगणात उतरवला. ती त्या वेळी पिठाच्या हातांनी बाहेर आली होती. ते हात तसेच तिने नवऱ्याच्या तोंडावरून फिरवले.

असं कबुलीवाचून गेलेल्या माणसाचं काय होतं हे आमच्यात पोरासोरांनाही माहीत असतं. तो शुद्धिस्थानात जळत राहतो. मागे राहिलेल्यांनी त्याच्यासाठी काही केलं तरच ती आग निवते. म्हणून खुनाची भरपाई करायची रीत आहे. मारणाऱ्याने, माणूस जिथे पडला तिथे दगडी क्रूस उभारायचा, देवळात मृताच्या नावाने मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, म्हणवून घ्यायच्या, हातात मेणबत्ती घेऊन अनवाणी देवळापासून त्या जागेपर्यंत चालायचं, आणि मग मृताच्या सगळ्यात जवळच्या पुरुषासमोर हात पुढे करायचा. त्याने हात हातात घेतला की वैर संपलं. येणारा-जाणारा त्या क्रूसापाशी थांबतो, मेलेल्यासाठी एक प्रार्थना म्हणतो, आणि त्या परक्या प्रार्थनांवर तो बिचारा वर सरकत जातो. पण हात घेतलाच नाही, तर क्रूस नाही आणि काही नाही.

विल्वोल्टने महिन्याभरात निरोप पाठवला. क्रूस उभारतो, चालतो, सगळं करतो. हार्टुंगने निरोप्याला जिन्यावरून ढकलून दिलं. "त्याला सांग, माझ्या भावाची किंमत दगडात होत नाही. मला तो पाहिजे, तो. घोड्यावर, हातात तलवार घेऊन."

आणि मग झालं ते असं. हार्टुंगच्या चुलत घराण्यातली एक विधवा, युटा, हिने दुसरं लग्न केलं, आणि केलं ते विल्वोल्टशी. युटाकडे गढीचा हिस्सा होता. म्हणजे लग्नाच्या दुसऱ्या दिवशी विल्वोल्ट क्रेनफेल्सचा हिस्सेदार झाला, आणि पश्चिमेच्या खोल्यांत सामानसुमान घेऊन राहायला आला. हार्टुंगच्या अंगाची लाही लाही झाली, पण करतो काय?

कारण गढीला आण होती. टेकडीच्या पायथ्याशी चहूबाजूंनी हद्दीचे दगड रोवलेले. त्या दगडांच्या आत कोणी कोणावर हत्यार उपसायचं नाही, मग दोघांत कितीही जन्माचं वैर असो. जो उपसेल त्याचा हिस्सा गेला, नाव गेलं, आणि त्याने कुटुंबासकट चालू लागायचं. ओसाना आता हार्टुंगच्याच खोल्यांत राहत होती, तिलाही जावं लागलं असतं. शिवाय हार्टुंग कितीही भांडखोर असला तरी शब्दाचा पक्का होता, हे त्याचे वैरीही कबूल करायचे.

नवा हिस्सेदार आण घेतो तेव्हा बाकीच्यांनी समोर उभं राहून "ऐकलं" म्हणायचं असतं. वेशीत सगळे जमले. विल्वोल्ट अंगाने जाडजूड, श्वासाला जड, चेहऱ्याने मात्र गोड माणूस. त्याने वेशीच्या खांबावर हात ठेवला आणि आण म्हटली. एकेकाने "ऐकलं" म्हटलं. हार्टुंगची पाळी आली. पाद्री गुंपर्टनी त्याला कोपर मारलं.

"ऐकलं," हार्टुंग म्हणाला, आणि ते असं की कुत्री भुंकायला लागली.

"मीही ऐकलं," विल्वोल्ट म्हणाला. "हार्टुंग, बरंच झालं. आता रोज भेट होईल."

"दगडाबाहेर ये, मग भेटतो."

"कशाला? युटाच्या हातचं डुकराचं मांस खाल्लंयस का तू? मी कुठे जात नाही बाबा आता."

लोक हसले. हार्टुंग वळून तबेल्यात गेला.

तिथून पुढची वर्षं कशी गेली म्हणाल, तर एकाच विहिरीचं पाणी पिऊन. देवळात विल्वोल्ट उजवीकडे, हार्टुंग डावीकडे. जिन्यात समोरासमोर आले तर एक जण भिंतीला चिकटायचा. आणि रोज सकाळी हार्टुंग घोड्यावर बसून टेकडी उतरायचा आणि दगडांच्या बाहेरून फेऱ्या मारायचा. विल्वोल्ट कधीतरी बाहेर येईल, एकटा येईल. तो यायचा तो बरोबर दहाबारा माणसं घेऊनच, आणि संध्याकाळच्या आत परत. पावसात, बर्फात, वाऱ्यात हार्टुंगच्या फेऱ्या चालू. पायाला नुसती भिंगरी. त्या फेऱ्यांनी टेकडीभोवती चक्क वाट पडली, आणि दोन चांगले घोडे लंगडे झाले. जमिनीचं पाहायला सवड नाही, छपराचं पाहायला सवड नाही. रात्री झोपेतही पाय हलायचे.

ओसाना कमी बोलायची. तिने आपला चांदीचा कमरपट्टा मोडून लुट्झसाठी जमतील तेवढ्या मिस्सा म्हणवल्या, मग मोडायला काही उरलं नाही. पण एका संध्याकाळी हार्टुंग भिजून आला, पाव उचलला आणि खिडकीशी गेला, तेव्हा ती चुलीपासून उठून त्याच्या वाटेत उभी राहिली.

"भावजी, किती दिवस अजून?"

"सापडेल एक दिवस."

"तो सापडेल हो. पण माझा नवरा रोज जळतोय त्याचं काय?"

"ओसाना, त्याचा सूड घेतल्याशिवाय..."

"सूड कुणाला पाहिजे? त्याने मागितला का? तो तर म्हणत होता डुकरं परत आलीत. मी ऐकलंय, मी तिथेच होते, त्याच अंथरुणात!" तिचा आवाज चढला. "त्याला क्रूस पाहिजे. वाटसरूच्या तोंडची एक प्रार्थना पाहिजे. विल्वोल्ट हात पुढे करून कधीचा बसलाय, आणि तुम्ही फेऱ्या मारताय. तुम्हाला चैन पडत नाही म्हणून तो तिकडे भाजतोय!"

"त्या मारेकऱ्याच्या हाताला हात लावू मी?"

"हो. लावा. माझा लागत असता तर मी कधीच लावला असता. पण बाईचा हात चालत नाही ना तुमच्या रीतीत."

हार्टुंगने हातातला पाव खिडकीत ठेवला आणि पुन्हा खाली निघून गेला, भिजलेल्या कपड्यांतच. ओसानाला वाटलं, हा रागावला. राग होताच. पण जिना उतरताना त्याला भीतीही वाटली, आणि कसली ते त्याला तेव्हा कळलं नाही.

मग एका हिवाळ्याच्या शेवटी विल्वोल्टला दम्याने धरलं. आधी जिना चढवेना, मग पडून श्वास घेववेना. पाद्री गुंपर्ट रोज पश्चिमेच्या खोल्यांत जाऊ लागले. हार्टुंगच्या फेऱ्या आणखी वाढल्या. वैरी आत मरतोय आणि आपण बाहेर फिरतोय, या विचाराने तो अंथरुणावर पाठ टेकेना.

बर्फ वितळायला लागलं तेव्हाची सकाळ. हार्टुंग नेहमीसारखा दगडांबाहेर होता. टेकडीवरून चार माणसं एक खाट खांद्यावर घेऊन उतरताना त्याला दिसली. मागे पाद्री, मागे युटा रडत आणि शिव्या देत. खाटेवर विल्वोल्ट, अंगावर अस्वलाचं कातडं, चेहरा मेणासारखा. हद्दीच्या दगडापाशी माणसं थांबली. विल्वोल्टने हाताने खूण केली, पुढे. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. त्याने पुन्हा खूण केली. त्यांनी दगड ओलांडला आणि खाट हार्टुंगच्या घोड्यासमोर, त्याच्याच वाटेवर ठेवली.

"घे," विल्वोल्ट म्हणाला. एकेका शब्दाला तो श्वास शोधत होता. "आलो. दगडाबाहेर. किती वर्षं बोलावतोयस."

हार्टुंग घोड्यावरून उतरला. हात आपोआप तलवारीच्या मुठीवर गेला.

"माझ्या माणसांना सांगितलंय, मधे पडायचं नाही," विल्वोल्ट म्हणाला. त्याने कातडं बाजूला सारून हात बाहेर काढला, आणि तो वर धरला. "मारायचं तर मार. नाहीतर हा घे. दोन्हींतलं एक कर बाबा. मला लुट्झचं ओझं घेऊन जायचं नाही. तो बाण मी घोड्यावर नेम धरून सोडला होता, घोडा फिरला. एवढं पोर होतं ते."

युटा ओरडली, "घे ना रे हात! दगड आहेस का तू?"

पाद्री फक्त हार्टुंगकडे बघत होते.

हार्टुंग उभाच. वर्षानुवर्षं ज्याची वाट पाहिली तो समोर, आणि तो असा! तलवार उपसायला हात धजेना. एका हाडाच्या सापळ्यावर, कातड्याखालच्या माणसावर? आणि तो वर धरलेला हात घ्यायलाही हात पुढे होईना. शेवटी त्याच्या तोंडून निघालं, "खाटेवरच्या माणसाशी माझं वैर नाही. बरा हो. घोड्यावर बसून ये."

"अरे, मी कसला घोड्यावर..." विल्वोल्टला खोकला आला. तो थांबेपर्यंत सगळे थांबले. हात मात्र त्याने खाली घेतला नाही. तो खोकताना हवेतच होता.

"बरा हो, मग बघू," हार्टुंग म्हणाला, घोड्यावर चढला आणि निघाला. टाच अशी मारली की घोडा उधळला. दुपारपर्यंत तो बीचच्या जंगलात भटकत होता.

परत आला तेव्हा गढीची घंटा वाजत होती. विल्वोल्ट गेला होता. वर नेताना जिन्यातच गेला, पण पाद्री शेजारी होते, कबुली झाली होती, तेल लावलं होतं, ओठांवर क्रूस ठेवला होता. माणसाला जसं जावं वाटतं तसा गेला.

ओसाना खोलीत चुलीशी बसली होती. तिने मान वर केली नाही.

"तो सुटला," ती म्हणाली. "ज्याने मारलं तो सुटला. आणि आता क्रूस उभारणारा कोणी नाही. चालणारा कोणी नाही. झालं तुमच्या मनासारखं?"

एरवी तिने आरडाओरडा केला असता तर हार्टुंगही ओरडला असता. ती हळू बोलली, आणि तो पहिल्यांदाच त्या खोलीतल्या बाकावर बसला. बसल्यावर जिन्यातली ती जुनी भीती समोर येऊन उभी राहिली, आणि या वेळी तिला चुकवून जायला जागा नव्हती. विल्वोल्टचा हात घेतला असता तर विल्वोल्टवरचा दोष फिटला असता. मग लुट्झच्या मरणाचा धनी कोण उरला असता? ज्याने त्याला उबेतून ओढून काढला तो. तो हात घ्यायचा नव्हता तो एवढ्यासाठी. सूड वगैरे सगळं तोंडावरचं होतं. इतकी वर्षं भावाला आगीत ठेवलं, ते स्वतःला झळ लागू नये म्हणून. हार्टुंग रडला. मोठ्याने, दारं उघडी असताना, आणि ओसानाने त्याला गप्प केलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो पाद्री गुंपर्टकडे गेला.

"क्रूस उभारायचाय. गिरणीच्या ओढ्यापाशी."

"ती जागा आता युटाची."

"तिला विचारलं. तिने जागा दिली. थोबाडीतही दिली, पण जागा दिली."

"बरं केलंन. पण बाबा, नुसता दगड रोवून भागत नाही. चालावं लागतं, सगळ्यांच्या देखत. आणि चालायचं असतं ते मारणाऱ्याने. तो तर देवळाच्या तळघरात निजलाय."

"मी चालतो."

"तुला कसं चालेल? मी सांगतोय काय, ते चालणं मारणाऱ्याचं..."

"म्हणूनच म्हणतोय, मी चालतो."

पाद्रींनी मेणबत्त्यांची पेटी पुढे ओढली आणि त्यातली सगळ्यात जड निवडून दिली.

हार्टुंगने उरलेला चांगला घोडा विकून पाथरवट लावला. क्रूस ओबडधोबड झाला, एक हात दुसऱ्यापेक्षा आखूड. ठरल्या दिवशी हार्टुंग देवळातून निघाला, अंगात खरखरीत सदरा, डोकं उघडं, पाय अनवाणी. वाटेत चिखल आणि मधेमधे बर्फाचे तुकडे. घोड्यावरचा माणूस तो, तळपाय मऊ, ओढ्यापर्यंत पोचायच्या आत फाटले. मागे पाद्री, त्यांच्या मागे ओसाना, आणि तिच्या मागे खोऱ्यातले लोक. एवढा मोठा तमाशा त्यांना रोज कुठे बघायला मिळणार? हार्टुंगला पहिल्यांदाच सगळे हळू चालताना बघत होते.

गिरणीच्या पुलावर बाजाराला निघालेला एक परका कुंभार गाढव घेऊन थांबला होता. त्याने शेजारच्या बाईला विचारलं, "कोण हो हा? काय केलंय त्याने?"

ती लोफ्टालची कोणीतरी होती, अर्धवट ऐकलेली. "फाल्कनलोचा सरदार," ती म्हणाली. "सख्खा भाऊ मारला त्याने."

हे सगळ्यांना ऐकू गेलं. ओसानालाही गेलं, ती जागच्या जागी थबकली. हार्टुंग आता वळेल, आता त्या बाईच्या अंगावर धावून जाईल, असं प्रत्येकाला वाटलं. असल्या बोलण्यावरून त्याने गावंच्या गावं जाळली असती.

हार्टुंग वळला. मेणबत्तीची ज्योत हाताच्या आडोशाला धरून त्याने कुंभाराकडे पाहिलं.

"लुट्झ नाव त्याचं," तो म्हणाला. "त्याच्यासाठी एक प्रार्थना म्हणा."

कुंभाराने टोपी काढली आणि म्हटली.